महामारीकालीन मिथ्या माहिती व अंकीय आधारसामग्री

महामारीकालीन मिथ्या माहिती व अंकीय आधारसामग्री : साथीच्या रोगाचे कारण, प्रसार, उपचार व प्रतिबंध तसेच त्यासंबंधीचे शासकीय निर्बंध यांविषयी आंतरजाल व भ्रमणध्वनी यांच्याद्वारे पसरणारी असत्य वा अर्धसत्य माहिती, आणि त्याच काळात त्याच साधनांनी गोळा केली जाणारी रुग्ण, मृत्यू, लसीकरण व लोकांचे स्थलांतर यांची संगणकीय नोंद, या दोन परस्परसंबद्ध विषयांचा येथे समावेश होतो. अजाणता पसरविली जाणारी चुकीची माहिती ती मिथ्या माहिती. ती हेतुपुरस्सर रचलेली असल्यास तिला कपटमाहिती म्हणणे अधिक योग्य. खरी, खोटी व अर्धवट माहिती एकाच वेळी इतक्या विपुल प्रमाणात लोकांपुढे येते, की विश्वसनीय कोणती हेच उमगेनासे होते. या अवस्थेला ‘इन्फोडेमिक’ (माहितीची साथ) अशी संज्ञा आहे. डेव्हिड रॉथकॉफ या अमेरिकन लेखकाने ती २००३ मध्ये सार्स रोगाच्या संदर्भात वापरली. जागतिक आरोग्य संघटनेचे महासंचालक टेड्रॉस घेब्रेयेसस यांनी फेब्रुवारी २०२० मध्ये म्यूनिक येथील परिषदेत तिचा पुनरुच्चार केल्यानंतर ती सर्वत्र रूढ झाली.

पूर्वेतिहास : साथ आणि अफवा यांचे साहचर्य जुने आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचे (प्लेगचे) निदान केले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, रुग्णालयात नेलेल्या माणसांना मारून त्यांच्या शरीरांतून ‘मोमियाई’ नावाचे औषधी तेल काढले जाते, अशी वदंता शहरात पसरली. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. वॉल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेऊन सिद्ध केलेल्या लसीविषयीही अनेक प्रवाद उठले. हे सर्व निव्वळ अज्ञानातून घडले असे मानणे मात्र एकांगी ठरेल. घरांत शिरून केलेल्या झडत्या, सक्तीचे विलगीकरण आणि सामानसुमानाची जाळपोळ हे वास्तव होते; पुण्यात त्याची परिणती २२ जून १८९७ रोजी रँडवरील गोळीबारात झाली. पंजाबातील मुल्कोवाल येथे १९०२ मध्ये लसीच्या एका दूषित कुपीमुळे १९ जण धनुर्वाताने दगावले, तेव्हा लसीविषयीच्या भीतीला एक खरा आधारही मिळाला. अफवेच्या मुळाशी बहुधा एखादा खरा अनुभव असतो आणि तो नाकारून अफवा दूर होत नाही, हे या प्रसंगांवरून दिसते.

याच साथीच्या वेळी ४ फेब्रुवारी १८९७ रोजी संमत झालेला साथरोग अधिनियम १२३ वर्षांनी पुन्हा उपयोगात आला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने त्याखाली केलेल्या विनियमांनुसार, करोना विषाणूसंबंधी कोणतीही माहिती तिची सत्यता पडताळल्यावाचून व आरोग्य विभागाच्या पूर्वमान्यतेवाचून मुद्रित, इलेक्ट्रॉनिक वा समाजमाध्यमांतून प्रसृत करण्यास मनाई करण्यात आली.

प्रसाराची यंत्रणा : १८९६ ची अफवा तोंडोतोंडी पसरली व तिचा वेग माणसाच्या पायांइतका होता. भारतात २०१६ नंतर भ्रमणध्वनीवरील आंतरजालसेवा अत्यंत स्वस्त झाली आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या व्यक्तीपर्यंतही ध्वनिफीत व चित्रफीत या रूपांनी मजकूर पोहोचू लागला. व्हॉट्सॲपसारख्या सेवेत संदेश पाठविणाऱ्याच्या यंत्रावर कूटबद्ध होतो व स्वीकारणाऱ्याच्या यंत्रावरच उलगडतो. परिणामी तो मुळात कोणी लिहिला हे चालक कंपनीलाही सहजी पाहता येत नाही, आणि वाचणाऱ्याच्या दृष्टीने त्याचा कर्ता म्हणजे तो धाडणारा मामा, शेजारी किंवा गावचा शिक्षक असतो. संदेशावरील विश्वास हा प्रत्यक्षात पाठविणाऱ्यावरील विश्वास असतो.

या यंत्रणेचे घातक रूप महामारीपूर्वीच प्रकट झाले होते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांची जमावाने हत्या केली. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल अशी मर्यादा घातली. १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदी चालू असताना, पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे चोर व मुले पळविणारे रात्री फिरतात अशा अफवांनी भयग्रस्त झालेल्या जमावाने दोन साधू व त्यांचा वाहनचालक यांना ठार मारले. त्याच महिन्याच्या आरंभी, पूर्वी अनेकदा पुढे धाडलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी धाडता येईल, असा अधिक कडक निर्बंध अंमलात आला होता. त्यामुळे अशा संदेशांचे प्रमाण ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने जाहीर केले.

महाराष्ट्रात २०२०-२१ मध्ये फिरलेल्या संदेशांचे प्रकार अनेक आहेत. कोंबडीचे मांस खाल्ल्याने करोना होतो या अफवेमुळे फेब्रुवारी–मार्च २०२० मध्ये राज्यातील कुक्कुटपालन व्यवसायाचे भाव कोसळले. रोगाचा राज्यातील पहिला रुग्ण पुण्यात ९ मार्च रोजी आढळला, म्हणजे अफवा रोगाच्या आधी येऊन पोहोचली होती. २२ मार्चच्या जनता संचारबंदीच्या वेळी, विषाणू बाहेर बारा तासच जगतो म्हणून चौदा तासांत साखळी तुटेल, अथवा टाळ्या व थाळ्या यांच्या नादलहरींनी तो मरतो, असे संदेश फिरले. मे २०२१ मध्ये पाचव्या पिढीच्या दूरसंचार मनोऱ्यांमुळे माणसे मरतात असा प्रवाद इतका बळावला, की दूरसंचार विभागाला खुलासा करावा लागला. वस्तुतः ही सेवा भारतात प्रथम १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. लस घेतल्याने वंध्यत्व येते, लस घेतलेले दोन वर्षांत मरतात, हे संदेश विशेष टिकून राहिले. यांतील दुसरा एका नोबेल पारितोषिकविजेत्या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावावर खपविण्यात आला होता. जून २०२१ मध्ये नाशिक येथे लस घेतल्यावर अंगाला नाणी व चमचे चिकटतात असा दावा झाला. घामट वा तेलकट त्वचेवर हलक्या गुळगुळीत वस्तू लस न घेताही चिकटतात आणि त्वचेवर भुकटी लावली असता त्या गळून पडतात, असे अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्य करणाऱ्यांनी दाखवून दिले. काही अफवांमागे सरळ फसवणूक होती. उदा., बोट भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्यावर ठेवून रक्तातील प्राणवायू मोजण्याची बतावणी करणाऱ्या आज्ञावलींबाबत २०२० मध्ये केंद्रीय गृह खात्याच्या सायबर विभागाने सावधानतेचा इशारा दिला; बोटाचा ठसा व यंत्रातील खाजगी माहिती चोरणे हा त्यांचा हेतू असू शकतो, असे त्यात म्हटले होते.

जालना जिल्हा : औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्याच्या विभाजनातून आणि परभणी जिल्ह्याचा परतूर भाग जोडून १ मे १९८१ रोजी हा जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १९,५९,०४६ होती. बियाणे व पोलाद ही जालना शहराची दोन प्रमुख उत्पादने. येथील औद्योगिक वसाहतीतील पोलादी सळयांच्या कारखान्यांत मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, बिहार इ. राज्यांतून आलेले कामगार मोठ्या संख्येने काम करतात. महामारीच्या काळात राज्याचे आरोग्यमंत्री असलेले राजेश टोपे हे याच जिल्ह्यातील घनसावंगी मतदारसंघाचे प्रतिनिधी होते.

महामारीच्या इतिहासात जालन्याचे नाव ज्या घटनेमुळे कायम राहील, ती खोट्या संदेशापेक्षा खऱ्या माहितीच्या अभावातून उद्‌भवली. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. त्याआधीच, २२ मार्चपासून प्रवासी रेल्वेगाड्या थांबविण्यात आल्या होत्या. मालगाड्या मात्र अखंड चालू होत्या, कारण धान्य, कोळसा व इंधन यांची वाहतूक थांबविणे शक्य नव्हते. लोकांच्या बोलण्यात आणि बहुतेक बातम्यांच्या मथळ्यांत ‘रेल्वे बंद’ एवढेच राहिले. १ मे पासून परप्रांतीय कामगारांसाठी विशेष श्रमिक गाड्या सुटू लागल्या. त्यांत जागा मिळण्यासाठी नावनोंदणी, वैद्यकीय दाखला आणि पाठविणारे व स्वीकारणारे अशा दोन्ही राज्यांची संमती आवश्यक होती. नोंदणी व प्रवास-परवाने यांचे काम मुख्यतः आंतरजालावरील संकेतस्थळांतून चाले. कोणती गाडी कोठून केव्हा सुटणार आणि तीत कोणाचे नाव आहे, हे कामगारांना बहुधा ऐकीव माहितीवरूनच कळत असे.

जालन्यातील एका पोलाद कारखान्यात काम करणारे, मध्य प्रदेशाच्या शहडोल व उमरिया जिल्ह्यांतील वीस कामगार ७ मे रोजी सायंकाळी पायी निघाले. भुसावळ येथे गावाकडे जाणारी गाडी मिळेल अशी त्यांची समजूत होती. भुसावळ जालन्यापासून सुमारे दीडशे किमी. अंतरावर आहे. परवान्यासाठी आपण आठवड्यापूर्वीच अर्ज केला होता, परंतु उत्तर आले नाही, असे बचावलेल्यांनी नंतर सांगितले. ते काही अंतर रस्त्याने व पुढे रेल्वेमार्गाने चालले. बदनापूर व करमाड या स्थानकांच्या दरम्यान थकून विसावा घेताना त्यांपैकी बरेचजण रुळांवरच झोपी गेले, कारण गाड्या बंद आहेत असे ते धरून चालले होते. ८ मे रोजी पहाटे सव्वापाचच्या सुमारास मनमाडकडे जाणाऱ्या रिकाम्या इंधन-टाक्यांच्या मालगाडीखाली १६ जण मृत्युमुखी पडले, चौघे वाचले. चालकाने गाडी थांबविण्याचा प्रयत्न केला होता, असे रेल्वेने स्पष्ट केले. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांची छायाचित्रे त्या दिवशी देशभर पोहोचली. महाराष्ट्र व मध्य प्रदेश या दोन्ही शासनांनी मृतांच्या कुटुंबीयांना प्रत्येकी पाच लाख रुपयांचे साहाय्य जाहीर केले.

या घटनेत कोणी अफवा पसरविल्याचे आढळत नाही. ‘रेल्वे बंद’ हे विधान खोटे नव्हते; अपुरे होते. ज्यांच्यासाठी ते अपुरेपण प्राणघातक ठरणार होते, त्यांच्यापर्यंत उरलेला अर्धा भाग त्यांच्या भाषेत कोणी पोहोचविला नाही. मिथ्या माहितीच्या अभ्यासात अशा ‘माहितीच्या पोकळी’कडे अफवेइतकेच लक्ष देणे आवश्यक असते, कारण पोकळी रिकामी राहत नाही, अंदाज व तर्क तीत शिरतात.

कामगारांच्या पायी स्थलांतराचे कारण खोट्या बातम्या होत, ही भूमिका शासनाने घेतली होती. ३१ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने, टाळेबंदी तीन महिन्यांहून अधिक चालेल अशा खोट्या बातमीने निर्माण झालेल्या घबराटीमुळे हे स्थलांतर घडले, असे मत नोंदवून वृत्तमाध्यमांनी अधिकृत खुलासा प्रसिद्ध करावा असे निदेश दिले. त्या दिवशी टाळेबंदीची घोषित मुदत २१ दिवसांची होती. प्रत्यक्षात ती क्रमाक्रमाने वाढत जाऊन ३१ मेपर्यंत, म्हणजे ६८ दिवस, राहिली आणि महाराष्ट्रातील निर्बंध त्यानंतरही पुष्कळ काळ टिकले. कामगारांची भीती आकड्यात चुकली असेल. दिशेत चुकली नाही. अधिकृत माहिती स्वतःच वरचेवर बदलत असेल, तर त्या क्षणी तिच्याशी न जुळणारे प्रत्येक विधान खोटे ठरविणे धोक्याचे असते. तथापि केंद्रीय गृह खात्याने सप्टेंबर २०२० मध्ये लोकसभेतील उत्तरात हेच कारण पुन्हा दिले.

आधारसामग्री व तिची गणना : त्याच अधिवेशनात, १४ सप्टेंबर २०२० रोजी, टाळेबंदीत गावी परतताना किती स्थलांतरित कामगार मरण पावले याची आधारसामग्री ठेवलेली नाही, असे केंद्रीय श्रम खात्याने लेखी उत्तरात सांगितले. श्रमिक गाड्यांतून प्रवास करताना ९७ जण दगावल्याचा आकडा रेल्वेने दिला. पण करमाडजवळचे सोळा जण कोणत्याच गाडीचे प्रवासी नव्हते. वस्तुतः आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियमाने १९७९ मध्येच कंत्राटदाराची नोंदणी आणि प्रत्येक कामगाराला छायाचित्रासह पासबुक देणे बंधनकारक केले होते. ही कागदी नोंद नीट ठेवली गेली असती, तर २०२० मध्ये जालन्यात कोणत्या कारखान्यात कोणत्या जिल्ह्याचे किती कामगार आहेत हे संगणकाविनाही सांगता आले असते. संगणकीय नोंद ही कागदी नोंदीची त्रुटी आपोआप भरून काढीत नाही; बहुतेक वेळा तीच त्रुटी अधिक वेगाने पुढे नेते.

रुग्णसंख्या व मृत्यू यांच्या बाबतीत हाच अनुभव आला. १६ जून २०२० रोजी जुन्या नोंदींची पडताळणी करून महाराष्ट्राने १,३२८ पूर्वीचे मृत्यू (त्यांपैकी ८६२ मुंबईचे) एकाच दिवशी एकूण संख्येत मिळविले. रुग्णालयांनी अहवाल उशिरा पाठविणे, रुग्णाचा पत्ता एका जिल्ह्यात व मृत्यू दुसऱ्यात असणे, मृत्यूचे मूळ कारण ठरविण्याच्या निकषांतील फरक ही अशा तफावतीची कारणे होत. परंतु एका रात्रीत वाढलेला आकडा पाहून वाचकाचा सर्वच आकड्यांवरील विश्वास डळमळतो व अफवेला वाव मिळतो. मृतांच्या वारसांना प्रत्येकी ५०,००० रु. साहाय्य देण्याची योजना सुरू झाल्यावर महाराष्ट्रात २०२२ च्या आरंभापर्यंत दोन लाखांहून अधिक अर्ज आले. अधिकृत मृत्यू त्यावेळी सुमारे १ लाख ४१ हजार होते. भारतातील २०२० व २०२१ या दोन वर्षांतील अतिरिक्त मृत्यूंची संख्या सुमारे ४७ लाख असावी, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. अधिकृत संख्या तोपर्यंत पाच लाखांच्या आसपास होती. भारत सरकारने या अंदाजामागील गणिती पद्धतीला आक्षेप घेतला.

व्यक्तिगत आधारसामग्रीचा प्रश्न ‘आरोग्य सेतू’ या २ एप्रिल २०२० रोजी प्रसृत झालेल्या आज्ञावलीने पुढे आणला. दोन भ्रमणध्वनी जवळ आले असता ब्लूटूथ लहरींद्वारे ती परस्परांची ओळख नोंदवी आणि त्यांपैकी एकाचा धारक पुढे बाधित आढळल्यास दुसऱ्यास सूचना देई. त्याबरोबर स्थाननिश्चितीही होत असे. १ मे रोजी ती कर्मचाऱ्यांना सक्तीची करण्यात आली. १७ मेच्या आदेशात ही सक्ती सौम्य झाली. दरम्यान ११ मे रोजी माहिती किती काळ ठेवावी व कोणास द्यावी याचे नियम जाहीर झाले, ते आज्ञावली वापरात आल्यानंतर सुमारे सहा आठवड्यांनी. साधा, बटनांचा भ्रमणध्वनी वापरणाऱ्यास या यंत्रणेचा उपयोग नव्हता. तिचे फायदे-तोटे त्यामुळे मुख्यतः शहरी मध्यमवर्गापुरते राहिले.

लसीकरणाच्या संगणकीय व्यवस्थेत जालन्याचा संबंध पुन्हा येतो. २ जानेवारी २०२१ रोजी झालेल्या लसीकरणाच्या रंगीत तालमीसाठी महाराष्ट्रातून पुणे, नागपूर, जालना व नंदुरबार हे चार जिल्हे निवडण्यात आले होते. तीत प्रत्यक्ष लस टोचण्यात आली नाही. प्रत्येक केंद्रावर पंचवीस लाभार्थी आणून प्रतीक्षा, लसीकरण व निरीक्षण असे तीन टप्पे आणि ‘कोविन’ या संगणकप्रणालीतील नोंद तपासण्यात आली. १६ जानेवारीला प्रत्यक्ष आरंभ झाला, त्याच दिवशी प्रणालीतील तांत्रिक अडचणींमुळे राज्यभरचे काम दोन दिवस थांबवावे लागले. १ मेपासून १८ ते ४४ वयोगटासाठी आंतरजालावर आगाऊ नोंदणी अनिवार्य झाली, तेव्हा चपळ यंत्र व चांगली जोडणी असलेल्या शहरवासीयांनी ग्रामीण केंद्रांवरील वेळा आरक्षित केल्या आणि गावातले लोक आपल्याच आरोग्य केंद्राबाहेर उभे राहिले, असे प्रकार राज्यात अनेक ठिकाणी घडले. २४ मे रोजी या वयोगटाला शासकीय केंद्रांवर प्रत्यक्ष येऊन नोंदणी करण्याची मुभा देण्यात आली. ३१ मेच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने अंकीय दरीचा हा प्रश्न उपस्थित करून केंद्र शासनाकडे खुलासा मागितला.

मराठवाड्यात नोव्हेंबर २०२१ मध्ये लसीकरण राज्याच्या सरासरीच्या मागे राहिले. शेजारच्या औरंगाबाद जिल्ह्यात तर लसीची किमान एक मात्रा घेतल्याचे प्रमाणपत्र दाखविल्याखेरीज शिधा व इंधन देऊ नये, असा आदेश निघाला. याउलट आशा कार्यकर्त्या व परिचारिका यांनी घरोघरी जाऊन केलेल्या कामात (‘हर घर दस्तक’ मोहीम) शंका विचारण्यास अवसर होता. आशा कार्यकर्ती गावातलीच असते. वर सांगितलेला पाठविणाऱ्यावरील विश्वास येथे खऱ्या माहितीच्या उपयोगी पडतो. सक्तीने प्रमाणपत्रांची संख्या वाढते, हे खरे. शंका मात्र तशीच राहू शकते.

जून २०२३ मध्ये भ्रमणध्वनी क्रमांक दिला असता लसीकरणाच्या वेळी नोंदविलेला ओळखपत्र क्रमांक व जन्मवर्ष सांगणारी एक स्वयंचलित सेवा टेलिग्राम या माध्यमावर आढळली. कोविनच्या मूळ संचयात थेट शिरकाव झाला नसल्याचे शासनाने सांगितले व पुढे या प्रकरणी अटकही झाली. भारतात व्यक्तिगत अंकीय आधारसामग्रीच्या संरक्षणाचा स्वतंत्र अधिनियम ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला; महामारीच्या काळात गोळा झालेली सर्व माहिती त्यापूर्वीची आहे.

स्थलांतरित कामगारांच्या नोंदीचे काम सर्वोच्च न्यायालयाच्या २९ जून २०२१ च्या निर्णयानंतर मार्गी लागले आणि असंघटित कामगारांसाठी ‘ई-श्रम’ हे संकेतस्थळ २६ ऑगस्ट २०२१ रोजी सुरू झाले. त्यावर स्वतः नोंदणी करावयाची असल्यास आधार क्रमांक व त्याला जोडलेला भ्रमणध्वनी लागतो. ज्याच्याजवळ तसा भ्रमणध्वनी नाही, त्याला सामायिक सेवा केंद्रात जाऊन बोटाचा ठसा द्यावा लागतो.